मॅक्रोफेजला जागा कमी दिली तर आयएल-६ घटतं का? लॅबमधल्या प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२४

३ जून

मॅडमनी आराखड्याला होकार दिला. प्रश्न एका वाक्यात मावतो: मॅक्रोफेजला, म्हणजे जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशीला, पसरायला जागा कमी दिली, तर एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला, दाह पेटवणारा घटक) दिल्यावर त्याची दाहाची जनुकं कमी चालतात का, आणि तसं होत असेल तर त्यात ॲक्टिनच्या, म्हणजे पेशीला आकार देणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांच्या, जाळ्याचा हात किती?

प्रश्न आमचा नाही. २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन केंद्रातल्या वेंडी लिऊ यांच्या गटाने मॅक्रोफेज २० मायक्रोमीटर रुंद पट्ट्यांवर बसवून लांबुडके केले. नुसत्या त्या आकाराने आर्जिनेज-१ हे एन्झाइम वाढतं आणि पेशी दाह शमवण्याच्या बाजूला झुकते, हे त्यांनी दाखवलं. २०१८ मध्ये ईटीएच झुरिकच्या निखिल जैन आणि व्हायोला फोगेल यांनी पेशींना कोंडून पाहिलं. एलपीएसनंतर उशिरा चालू होणारी जनुकं, म्हणजे आयएल-६, आयएल-१ बीटा, आयनॉस, सीएक्ससीएल-९ या दाहाच्या प्रथिनांची, कोंडलेल्या पेशीत दबलेली निघाली. त्यांच्या मते कोंडलेल्या पेशीत ॲक्टिनचे धागे कमी बनतात, त्यामुळे एमआरटीएफ-ए हे प्रथिन केंद्रकात कमी पोचतं आणि एसआरएफ या जोडीदाराबरोबर त्याचं जनुकं चालू करण्याचं जे काम चालतं ते मंदावतं.

आम्हाला हे आमच्या उपकरणांवर उभं करायचं आहे. पेपरात पद्धत चार ओळींत संपते आणि आमच्यासारख्या लॅबमध्ये नेमकं त्या चार ओळींतच सगळं अडतं, म्हणून या नोंदी. आमच्याकडे क्लीन रूम नाही. सीओटू इन्क्युबेटर, फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आणि रिअल-टाइम पीसीआर आहे. स्पिन कोटर आणि यूव्ही-ओझोनचा डबा भौतिकशास्त्र विभागाचा, तोही त्यांचं काम नसेल तेव्हा.

१२ जून

बाहेरून करून घेतलेला मास्टर वेफर, म्हणजे रबरी स्टॅम्प ओतायची नक्षीदार चकती, आला. त्यावर २० मायक्रोमीटर बाजूचे चौकोन आणि एका चौकोनाच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत ८० मायक्रोमीटर. सिलगार्ड १८४ (पीडीएमएस हे सिलिकॉन रबर) चा बेस आणि क्युरिंग एजंट १०:१ वजनाने मिसळून, डेसिकेटरमध्ये बुडबुडे काढून, ७० अंशांवर भाजलं. सोलताना पीडीएमएस वेफरला घट्ट बसलं होतं आणि एका कोपऱ्यातले चौकोन उपटून आले. वेफरवर, रबर चिकटू नये म्हणून देतात ती, फ्लुरोसिलेनची वाफ दिलेली नव्हती. ती दिलेली असते असं गृहीत धरू नका. मास्टर हातात आला की आधी विचारा, आणि खात्री नसेल तर डेसिकेटरमध्ये सिलेनचे दोन थेंब ठेवून व्हॅक्युममध्ये रात्रभर राहू द्या.

उरलेल्या भागाचे स्टॅम्प कापले. शाई म्हणून फायब्रोनेक्टिन (पेशी ज्याला चिकटतात ते प्रथिन) ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, त्यात थोडं लाल रंग लावलेलं फायब्रिनोजेन, म्हणजे छाप डोळ्यांनी दिसेल. तासभर शाई, मग धुऊन, वाळवून, काचेवर टेकवला. मायक्रोस्कोपखाली चौकोन दिसले, पण मधल्या मोकळ्या जागेतही लाल डाग. वर बोटाने दाब दिला तसे डाग वाढले.

१९ जून

डागांचं कारण सापडलं. रेझिस्टची, म्हणजे वेफरवरच्या नक्षीच्या थराची, जाडी जेमतेम ३ मायक्रोमीटर होती आणि चौकोनांमधलं अंतर ६०. इतक्या रुंद आणि इतक्या उथळ खाचेत स्टॅम्पचं छत खाली बसतं आणि छतावरची शाईही काचेला लागते. दाब कमी करून, वजन न ठेवता पाहिलं; फरक पडला, पण पूर्ण सुटला नाही. नवा मास्टर लागणार, खोली १० मायक्रोमीटर. पहिल्या मास्टरचे पैसे गेले. दुसऱ्याला मास्क तोच चालेल, एवढाच दिलासा. ऑर्डर देताना मी फक्त आडवी मापं लिहून पाठवली होती. खोली लिहून द्या, आणि आल्यावर प्रोफाइलोमीटरवर मोजून घ्या.

२६ जून

नवा मास्टर येईपर्यंत हात रिकामे ठेवायचे नाहीत म्हणून गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून, आपल्या एनसीसीएसमधून, आणलेल्या रॉ २६४.७ पेशी जुन्या स्टॅम्पच्या चांगल्या भागावर टाकून पाहिल्या. १९७८ पासून वापरात असलेली ही पेशीमाळ (सेल लाइन), एबल्सन विषाणूने झालेल्या उंदराच्या गाठीतून आलेली. विभागत राहते, स्वस्त पडते, आणि तिच्यासाठी उंदीर लागत नाही.

आमच्या कामाला मात्र ती उपयोगाची नाही. रॉ पेशी मुळात गोल आणि लहान, एका चौकोनात दोन-दोन, तीन-तीन बसल्या. ज्या पेशीला मोकळ्या जागेतही फारसं पसरायचं नसतं तिला कोंडून काय होणार? कोंडलेल्या आणि मोकळ्या पेशींची क्षेत्रफळं मोजली तर फरक दिसेनाच. हे मोजमाप पहिल्या दिवशीच करण्यासारखं आहे. जनुकं मोजण्याआधी आकार बदललाय का ते पाहा.

रॉ पेशी औषधांचे डोस, प्रायमर आणि एलपीएसचा बॅच तपासायला ठेवल्या. त्यासाठी त्या उत्तम.

८ जुलै

प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधीच्या प्रकल्पात होती, त्यात सुधारणा करून मिळाली. सी५७बीएल/६ उंदराच्या मागच्या दोन्ही पायांची हाडं, बारीक सुईने मज्जा बाहेर, आणि एल९२९ पेशींचं मीडियम २० टक्के घालून सात दिवस वाढ. एल९२९ पेशी एम-सीएसएफ (मज्जेतल्या पेशींना मॅक्रोफेज बनवणारं प्रथिन) सोडतात, विकतचं एम-सीएसएफ आम्हाला परवडत नाही. फक्त त्या मीडियमची ताकद प्रत्येक वेळी वेगळी येते. म्हणून एकदाच भरपूर केलं, गाळलं, ५० मिलिलिटरच्या नळ्यांत भरून उणे ८० वर ठेवलं आणि सगळा प्रकल्प त्याच एका बॅचवर करायचं ठरलं. मज्जा गोठवूनही ठेवता येते. एका उंदरातून दोन-तीन कोटी पेशी मिळतात आणि आम्हाला एका वेळी त्यातल्या थोड्याच लागतात, तेव्हा उरलेली टाकून देण्याचं काहीच कारण नाही.

सातव्या दिवशी पेशी उचलायला ट्रिप्सिन वापरलं नाही. त्याने पृष्ठभागावरची प्रथिनं कापली जातात, आणि आम्हाला एलपीएस ओळखणारी प्रथिनं जशीच्या तशी हवीत. गार पीबीएसमध्ये (मिठाच्या बफरमध्ये) ईडीटीए, दहा मिनिटं, मग पिपेटने हळू फवारा.

१६ जुलै

नवा मास्टर आला. छाप आता स्वच्छ: काळ्यावर लाल चौकोन, मध्ये काहीही नाही. पण पेशी टाकल्या आणि त्या सगळीकडे बसल्या. चौकोनात, चौकोनाबाहेर, काठावर.

फायब्रोब्लास्टवर काम करणारे सांगतात की छापानंतर प्लुरॉनिक एफ-१२७ लावा, मधल्या जागेत पेशी चिकटत नाहीत. मॅक्रोफेजचं तसं नाही. त्यांचं कामच शरीरात कुठल्याही परक्या पृष्ठभागाला चिकटण्याचं. शिवाय प्लुरॉनिक पाणी झिडकारणाऱ्या पृष्ठभागावर नीट बसतं. स्वच्छ काच पाणी ओढून घेते, तिथे ते टिकत नाही. म्हणजे काचच बदलायला हवी होती.

२४ जुलै

चाललेली रीत अशी. कव्हरस्लिपवर पीडीएमएसचा पातळ थर स्पिन कोटरवर चढवायचा आणि भाजायचा. त्यावर यूव्ही-ओझोन ७ मिनिटं, लगेच स्टॅम्प टेकवायचा, आपल्याच वजनाने मिनिटभर. उचलला की लगेच ०.२ टक्के प्लुरॉनिक, खोलीच्या तापमानाला तासभर. मग पीबीएसने धुवायचं, पण मध्ये एकदाही वाळू द्यायचं नाही.

ओझोनचा वेळ नाजूक आहे. कमी दिला तर स्टॅम्पवरचं फायब्रोनेक्टिन उतरत नाही, कारण स्टॅम्पही पीडीएमएस आणि खालचा थरही पीडीएमएस. प्रथिनाला एकीकडून दुसरीकडे जायला खालचा थर जास्त पाणीप्रेमी लागतो. जास्त दिला तर प्लुरॉनिक बसत नाही आणि पुन्हा काचेसारखी गत. तुमच्या डब्यात दिवा वेगळा असेल, ७ मिनिटं आमच्या डब्याची आहेत. पाच ते दहा मिनिटांची मालिका लावून एका दुपारी ठरवून टाका.

पेशी टाकल्यावर तासाभराने न चिकटलेल्या हलक्या हाताने धुतल्या. दहापैकी साधारण पाच-सहा चौकोनांत एकेक पेशी, थोड्यांत दोन, बाकी रिकामे. फॅलॉइडिनने ॲक्टिन रंगवल्यावर पहिल्यांदा जे दिसलं त्यासाठी एवढे आठवडे घातले होते. चौकोनातल्या पेशीच्या चार कोपऱ्यांना ॲक्टिनची दाट टोकं, मधे धूसर. शेजारच्या सपाट छापावरची पेशी मात्र ऐसपैस, कडेने झालरीसारखी घडी, पोटाशी पोडोसोमचे, म्हणजे चिकटायच्या जागी जमलेल्या ॲक्टिनचे, बारीक ठिपके. एकाच उंदराच्या, एकाच नळीतल्या पेशी.

१ ऑगस्ट

मोजायच्या आधी कंट्रोल पक्के केले, कारण याच कामात कंट्रोलची गफलत सगळ्यात सोपी आहे.

मोकळ्या पेशी काचेवर ठेवायच्या नाहीत. त्यांनाही तोच पीडीएमएस थर, तोच ओझोन, तेच फायब्रोनेक्टिन, फक्त नक्षी नसलेल्या सपाट स्टॅम्पने छापलेलं. नाहीतर आपण जागेचा परिणाम मोजतोय की पृष्ठभागाचा, हे कळणारच नाही.

दुसरं, शेजार. जैन आणि फोगेल यांच्या कामात नुसती गर्दी केली तरी दाहाची जनुकं दबली होती, कारण दाटीतही पेशीला पसरायला जागा नसते. म्हणून मोकळ्या कंट्रोलमध्ये नेहमीच्या घनतेने पेशी टाकल्या तर कंट्रोलच अर्धा कोंडलेला होतो. उलट बाजूने, शेजारी कमी झाले की एकमेकांचं टीएनएफ (दाहाचा संदेश देणारं प्रथिन) कमी पोचतं. यावर उपाय एकच: दोन्हीकडे चौरस सेंटिमीटरला पेशी तितक्याच आणि मीडियमही तितकंच.

हिशेब असा. चौरस सेंटिमीटरच्या स्टॅम्पवर १२५ गुणिले १२५, म्हणजे १५,६२५ चौकोन. निम्मे भरले तर सुमारे ८,००० पेशी. मोकळ्या कंट्रोलमध्येही तेवढ्याच टिकतील असं प्रमाण मोजून घेतलं. पेशीमागे १० पिकोग्रॅम आरएनए धरला तर एका कव्हरस्लिपमधून ८० नॅनोग्रॅम, आणि त्यातला काही काढताना जातो. म्हणून तीन कव्हरस्लिप एका ट्रायझॉलमध्ये (आरएनए काढायच्या द्रावणात), वर ग्लायकोजेन, म्हणजे खाली गोळी दिसते तरी. ग्रीस अभिक्रियेने नायट्राइट (आयनॉसच्या कामाची खूण) मोजायचा बेत इथेच सोडला. इतक्या थोड्या पेशींचं नायट्राइट त्या पद्धतीच्या पकडीत येत नाही. रॉ पेशींनी भरलेल्या ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये जो छान गुलाबी रंग येतो त्यावर विसंबू नका.

९ ऑगस्ट

पहिला पूर्ण प्रयोग. एलपीएस १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, ० तास, १ तास आणि ६ तास. टीएनएफ लवकर वर जाणारं, आयएल-६ उशिराचं.

आलेख निघाला तेव्हा लॅबमधला ज्युनियर शेजारी उभा होता. म्हणाला, "ताई, हे तर एलपीएस न घालताच पेटलंय." शून्य तासाला टीएनएफ आधीच वर. कोंडलेल्यातही, मोकळ्यातही. नेहमीच्या प्लेटमधल्या त्याच पेशी मात्र शांत.

१७ ऑगस्ट

कुठूनतरी एंडोटॉक्सिन, म्हणजे नको असलेलं एलपीएस, येतंय हे उघड होतं, कुठून ते शोधायला आठवडा गेला. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी हा आठवडा सुरुवातीलाच खर्च करावा.

पहिली चाचणी: न पेटवलेल्या पेशींवर पॉलिमिक्सिन बी, १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. ते एलपीएसला धरून बसतं. टीएनएफ खाली आलं, म्हणजे दोषी एलपीएसच. छापाचा किंवा ओझोनचा दोष नाही. दुसरी चाचणी: वापरातलं एकेक द्रावण वेगवेगळं रॉ पेशींवर टाकलं. फायब्रोनेक्टिन स्वच्छ. प्लुरॉनिक जवळजवळ स्वच्छ. स्टॅम्प धुवायच्या पीबीएसमध्ये आम्ही जे बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) घालत होतो, त्याने पेशी भडकल्या. तेच बीएसए उकळून टाकलं तरी भडकल्याच. प्रथिन उकळून मरतं, एलपीएस मरत नाही.

तिसरी चाचणी एलएएलची, नालखेकड्याच्या रक्तातल्या पेशींपासून केलेली; एंडोटॉक्सिन असेल तर नमुना गोठतो. छोट्या नळीत अभिकर्मक आणि नमुना, ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये तासभर, अजिबात न हलवता. मग नळी एका झटक्यात उलटी करायची. शुद्ध पाण्याची नळी उलटी केली तर सगळं खाली ओघळलं. बीएसएची नळी उलटी केली तर आतला गोळा तळाला चिकटून तसाच राहिला. शंभरपट पातळ केलेल्या नमुन्यातही गोळा. या एका चाचणीने जितकं समजलं तितकं आठवडाभराच्या पीसीआरने समजलं नसतं.

बदल केले ते असे. बीएसए बंद, जिथे टाळताच येत नाही तिथे कमी एंडोटॉक्सिनचं, महाग असलं तरी. पाणी मिलिक्यूच्या (लॅबच्या शुद्ध पाण्याच्या यंत्राच्या) टाकीतलं न घेता इंजेक्शनचं, ॲम्प्यूलमधलं. काच आणि चिमटे २५० अंशांच्या ओव्हनमध्ये किमान अर्धा तास. ऑटोक्लेव्हने जिवाणू मरतात, त्यांचं एलपीएस तसंच राहतं. कल्चर शिकताना 'ऑटोक्लेव्ह केलं म्हणजे झालं' हे इतकं मनात बसतं की ते काढायला वेळ लागतो.

२७ ऑगस्ट

शून्य तास आता शांत. पण सहा तासांचा नमुना हातचा गेला. रात्री वीज गेली, इन्क्युबेटर बॅकअपवर चालला, पण सीओटूचा सिलिंडर संपत आला होता आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सकाळी मीडियम केशरी-लालऐवजी जांभळट गुलाबी. सामू चढलेल्या पेशींचं मोजून काही अर्थ नाही, सगळं टाकलं. त्या उंदराची मज्जा गोठवलेली होती म्हणून नवा उंदीर लागला नाही. आता सिलिंडरच्या गेजचा आकडा रोज संध्याकाळी वहीत.

४ सप्टेंबर

प्रयोग स्वच्छ झाला आणि उत्तर आलं: काहीच फरक नाही. टीएनएफ दोन्हीकडे सारखं, ते अपेक्षित होतं. पण आयएल-६ सुद्धा कोंडलेल्या आणि मोकळ्या पेशींत जवळजवळ सारखं.

मॅडमनी आकड्यांचा कागद उचलला आणि आयएल-६ सोडून बीटा-ॲक्टिनच्या ओळीवर बोट ठेवलं. आमच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं संदर्भ जनुक म्हणून, म्हणजे बाकीच्या जनुकांचे आकडे ज्याने भागायचे ते म्हणून, बीटा-ॲक्टिनच वापरतात. आरएनए दोन्हीकडे सारखा घेतलेला, तरी कोंडलेल्या नमुन्यांत बीटा-ॲक्टिनचं सीटी (पीसीआरचं कितवं चक्र लागलं तो आकडा; जास्त म्हणजे नक्कल कमी) सातत्याने जास्त, जवळपास एका चक्राने. एक चक्र म्हणजे निम्मी नक्कल.

बीटा-ॲक्टिनचं जनुक स्वतःच एसआरएफच्या ताब्यातलं आहे. पेशी कोंडली, धागे कमी झाले, एमआरटीएफ-ए केंद्रकात पोचलं नाही, की ॲक्टिनचं जनुकही मंदावतं. ज्या यंत्रणेचा परिणाम मोजायचा तिच्यातलाच भाग आम्ही मोजपट्टी म्हणून धरला होता. आयएल-६ घटलं आणि ज्याने भागलं तेही घटलं, मग भागाकार सारखाच येणार.

१२ सप्टेंबर

गणपतीच्या दिवसांत लॅब अर्धी रिकामी, पीसीआरचं मशीन मोकळं. संदर्भ जनुकं नव्याने निवडली. गॅपडीएच घेतलं नाही. ते ग्लायकोलिसिसचं एन्झाइम आणि एलपीएसने मॅक्रोफेज ग्लायकोलिसिसकडेच वळतात. एचपीआरटी, आरपीएलपी० आणि पीपीआयए यांची सगळ्या स्थितींत चाचणी केली: कोंडलेलं, मोकळं, एलपीएससह, एलपीएसशिवाय. पहिली दोन स्थिर राहिली. त्या दोघांच्या सरासरीने जुन्याच सीडीएनएवर (आरएनएवरून केलेल्या डीएनएवर) हिशेब पुन्हा केला.

आयएल-६ कोंडलेल्या पेशींत मोकळ्यांच्या निम्म्याच्या आसपास. आयनॉसही खाली. टीएनएफ एका तासाला दोन्हीकडे सारखं. नमुने तेच, नळ्या त्याच, फक्त ज्याने भागायचं ते बदललं.

पेशीचा आकार, चिकटणं, पसरणं, कडकपणा यातलं काहीही बदलून जनुकं मोजणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं, त्यात मराठी मुलखातल्या लॅबमधली किती तरी मुलं आहेत. 'हाउसकीपिंग' म्हणून ॲक्टिन आंधळेपणाने वापरू नका. तुमच्या वर्षभराच्या कामातला खरा परिणाम तुमच्याच हिशेबात नाहीसा होऊ शकतो, आणि तो नाहीसा झालाय हे आलेखात कुठेच दिसत नाही.

२३ सप्टेंबर

औषधं. ॲक्टिन मोडलं की मोकळ्या पेशीतही आयएल-६ घटायला हवं, असा साधा तर्क होता. सायटोकॅलॅसिन डी आणि लॅट्रंक्युलिन ए दोन्ही लावली, दोन्हींनी धागे मोडले, फॅलॉइडिनमध्ये पेशी सारख्याच विस्कटलेल्या दिसल्या. पण बीटा-ॲक्टिनचं जनुक, जे आता आम्ही मोजपट्टी म्हणून सोडून लक्ष्य म्हणून मोजत होतो, सायटोकॅलॅसिनने वर गेलं आणि लॅट्रंक्युलिनने खाली.

हे विचित्र नाही. लंडनच्या रिचर्ड ट्रायस्मन यांच्या गटाने १९९९ आणि २००३ मधल्या कामांत याची उकल केली आहे. लॅट्रंक्युलिन सुट्या ॲक्टिनला धरतं, पण ते सुटं ॲक्टिन एमआरटीएफला सोडत नाही. सायटोकॅलॅसिन मात्र सुट्या ॲक्टिनवरून एमआरटीएफला हुसकावतं, आणि धागे मोडलेले असूनही ते केंद्रकात जातं. मायक्रोस्कोपखाली दोन्ही पेशी सारख्याच मोडलेल्या. जनुकांसाठी त्या एकमेकींच्या उलट. 'आम्ही ॲक्टिन मोडलं' हे वाक्य औषधाच्या नावाशिवाय अपुरं आहे.

लॅट्रंक्युलिनने आयएल-६ मोकळ्या पेशीतही उतरलं. डीएमएसओ, म्हणजे औषधं विरघळवायचं द्रावक, सगळ्या खान्यांत ०.१ टक्का, कंट्रोलमध्येसुद्धा, कारण जास्त डीएमएसओ स्वतःच दाह दाबतो. ब्लेबिस्टॅटिन (ॲक्टिन ओढणाऱ्या मायोसिनला रोखणारं औषध) वापरणार असाल तर निळ्या प्रकाशापासून जपा. त्या प्रकाशात ते बिघडतं आणि पेशींना मारक ठरतं. आम्ही ते घेतलंच नाही.

४ ऑक्टोबर

एमआरटीएफ-ए चं रंगकाम. पहिल्या फेरीत एलपीएस नसलेल्या पेशींतही प्रथिन केंद्रकात भरलेलं. यावेळी एंडोटॉक्सिन नव्हतं. आम्ही एलपीएस देताना ताजं, १० टक्के सीरमचं मीडियम घालत होतो, आणि ताजं सीरम हा एमआरटीएफ केंद्रकात पाठवायचा जुना, भरवशाचा उपाय आहे. कंट्रोललाही ताजं मीडियम मिळत होतं, म्हणून तोही हलला.

सीरम पूर्ण काढता येत नाही, कारण एलपीएस पेशीपर्यंत पोचवणारं एलबीपी हे प्रथिन त्यातच असतं. रात्रभर सीरम २ टक्क्यांवर, आणि एलपीएस देताना मीडियम न बदलता त्याच खान्यातलं थोडं मीडियम काढून त्यात एलपीएस मिसळून परत सोडायचं. कंट्रोललाही काढून परत सोडायचं, एलपीएसशिवाय. स्थिरीकरण ४ टक्के पीएफएने, ३७ अंशांना आधी कोमट करून. गार पीबीएसने आधी धुतलं तर पेशी आखडतात आणि आपण आखडलेला आकार मोजत बसतो.

आता चित्र साफ. मोकळ्या पेशीत एलपीएसनंतर एमआरटीएफ-ए केंद्रकात चढतं; चौकोनातल्या पेशीत बरंचसं बाहेरच राहतं. डॅपीमध्ये (केंद्रकाच्या रंगात) चौकोनातलं केंद्रकही लहान आणि जास्त उजळ. फिजी या प्रतिमा मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये केंद्रक आणि बाहेरची कडी यांचं गुणोत्तर काढायचा मॅक्रो ज्युनियरने लिहिला. मोजताना कुठली प्रतिमा कुठल्या खान्याची हे त्याला सांगितलं नव्हतं.

१८ ऑक्टोबर

२४ तासांचा नमुना घ्यायचा प्रयत्न सोडला. बारा तासांपर्यंत पेशी चौकोनात राहतात. त्यानंतर काठ ओलांडून पाय बाहेर टाकतात, आणि दुसऱ्या सकाळी निम्म्या पेशी मधल्या जागेत भटकत असतात. त्या मग कोंडलेल्या नाहीत, पण ट्रायझॉलमध्ये कोंडलेल्या म्हणून जातात. आता प्रत्येक नमुना ट्रायझॉलमध्ये घालण्याआधी फोटो, आणि चौकोनाबाहेरच्या पेशी दहात एकापेक्षा जास्त असतील तर तो नमुना बाद. प्रथिन पातळीवर आयएल-६ एलायझाने मोजणार आहोत, पण ६ आणि १२ तासांनाच. किट ₹४०,००० च्या घरात जातं, म्हणून सगळे नमुने उणे ८० वर जमवून एकाच प्लेटमध्ये लावायचे.

पैसा सगळ्यात जास्त गेला तो फायब्रोनेक्टिन, पहिला मास्टर आणि एंडोटॉक्सिनच्या आठवड्यात वाया गेलेले प्रायमर-अभिकर्मक यांत. स्टॅम्पचा खर्च नगण्य. एक स्टॅम्प इथेनॉलमध्ये धुऊन अनेकदा चालतो, कडा गोल व्हायला लागल्या की टाकावा.

पुढचा मास्टर सांगून झाला. १५, २० आणि ३० मायक्रोमीटरचे चौकोन एकाच वेफरवर, खोली १० मायक्रोमीटर लेखी कळवली, सिलेन देऊनच पाठवा असंही लिहिलं. ३० च्या चौकोनावर आयएल-६ मोकळ्या पेशीएवढं परत येतं का, हे आधी पाहायचं आहे.